घानात कोरोना आलाच नाही, की मोजलाच गेला नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: 'पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशात कोरोनाने जेमतेम साडेचौदाशे माणसं गेली असं वाचलं. एवढी तर आमच्याकडे एकेका जिल्ह्यात गेली. मग तिथे साथ आलीच नाही, की आली आणि कुणी मोजलीच नाही? आणि पुण्याची लस सगळ्यात आधी तिथे गेली म्हणतात, तिचं पुढे काय झालं?'

साथीच्या रोगांचं सर्वेक्षण आणि लसीकरण या कामात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून जरा तपशिलात लिहितो. एका वाक्यात हवं असेल तर: साथ आली, गावोगाव पसरली, नोंदलेल्या आकड्याच्या कित्येक पट पसरली, मृत्यू मात्र खरोखरच त्या मानाने कमी झाले, आणि त्याचं मुख्य कारण त्या देशाचं वय आहे. घानाला खरा फटका दवाखान्यात कमी आणि शाळेत, बाजारात आणि सरकारी तिजोरीत जास्त बसला.

पहिले दोन रुग्ण १२ मार्च २०२० ला जाहीर झाले. एक नॉर्वेहून आलेला, दुसरा तुर्कस्तानहून. तीन दिवसांत तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष नाना अकुफो-अडो यांनी शाळा, सभा, लग्नं, चर्च आणि मशिदीतल्या प्रार्थना बंद केल्या. २२ मार्चच्या मध्यरात्री सीमा बंद झाल्या, आणि बंद होण्याच्या तोंडावर उतरलेल्या हजारभर प्रवाशांना थेट हॉटेलांत नेऊन ठेवलं व प्रत्येकाची चाचणी केली. त्यांच्यात शंभराच्या आसपास बाधित निघाले. हे पाऊल फार मोलाचं होतं. आपल्याकडे त्या वेळी विमानतळावर ताप मोजून, हातावर शिक्का मारून लोकांना घरी सोडत होते. ताप मोजण्याने फारसं काही सापडत नाही हे आमच्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक होतं, पण दिसायला ते छान दिसतं.

एवढी चपळाई आली कुठून? २०१४ साली पश्चिम आफ्रिकेतल्याच गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये इबोलाने थैमान घातलं, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेचं मुख्यालय घानाच्या राजधानीत, अक्रात होतं. घानात स्वतःचा एकही इबोला रुग्ण सापडला नाही, पण संशयित कसा वेगळा काढायचा, संपर्कातली माणसं कशी शोधायची, नमुना कसा बांधून पाठवायचा याची तालीम मात्र पक्की झाली. जिल्ह्याजिल्ह्यातल्या आरोग्य परिचारिका हे काम जाणत होत्या. साथ आल्यावर प्रशिक्षण सुरू करणं आणि शिकलेली माणसं आधीच हाताशी असणं, यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

३० मार्चपासून अक्रा आणि कुमासी या दोन महानगरी पट्ट्यांत लॉकडाऊन लागला. देशभर नव्हे, हे लक्षात घ्या. तो तीन आठवडे चालला आणि २० एप्रिलला उठला. आफ्रिकेत इतक्या लवकर निर्बंध उठवणाऱ्या पहिल्या देशांत घाना होता, आणि त्यावरून तेव्हा बरीच टीकाही झाली. मला तो निर्णय आजही योग्य वाटतो. उठवताना सरकारने लोकांपुढे आकडे ठेवले होते: ६८,५९१ नमुने तपासले, १,०४२ बाधित, म्हणजे शंभरात दीड, आणि ९ मृत्यू. शिवाय अक्रातली निम्मी-अधिक माणसं रोज कमावून रोज खाणारी. तिथल्या जुन्या वस्त्यांतल्या 'कंपाउंड हाउस'मध्ये एका अंगणाभोवती दहा-बारा खोल्या, प्रत्येक खोलीत एक कुटुंब, नळ एक, संडास एक. आपली चाळ जमिनीवर गोल मांडली तर जशी दिसेल तशी. अशा घरात 'घरातच राहा, अंतर ठेवा' म्हणजे काय, ते परळ-लालबागच्या माणसाला सांगायला नको.

लॉकडाऊनच्या त्या तीन आठवड्यांत सगळ्यात हाल झाले ते 'कायाये' मुलींचे. देशाच्या कोरड्या, गरीब उत्तरेतून आलेल्या या मुली अक्राच्या माकोला आणि अग्बोग्ब्लोशी बाजारांत डोक्यावर मोठी पाटी ठेवून गिऱ्हाइकांचं सामान वाहतात आणि रात्री दुकानांच्या पडवीत झोपतात. बाजार थंडावला तशी कमाई गेली. लॉकडाऊन लागताच काही जणी मालट्रकमध्ये बसून उत्तरेकडे निघाल्या. वाटेत पोलिसांनी ट्रक अडवून परत पाठवले. त्याच आठवड्यात आपल्याकडे मुंबई-आग्रा रस्त्यावर काय चाललं होतं ते आठवा. सरकारने आणि चर्चनी शिजवलेलं अन्न वाटलं, पाण्याचं बिल काही महिने माफ केलं, सगळ्यात कमी वीज वापरणाऱ्यांची वीज फुकट आणि बाकीच्यांना निम्म्या दरात दिली. यातली वीज-पाण्याची सवलत खरंच घरोघर पोहोचली. अन्नवाटपात मात्र रांगा, रेटारेटी आणि त्याच गर्दीत संसर्ग. रस्त्यावर सैनिकांनी लोकांना फटके मारल्याचे व्हिडिओही फिरले.

आता चाचण्यांकडे येतो, कारण घानाकडून शिकण्यासारखं सगळ्यात जास्त इथे आहे.

सुरुवातीला देशात पीसीआर करू शकणाऱ्या प्रयोगशाळा मुख्यतः दोनच: अक्राजवळ लेगॉनच्या विद्यापीठातली नोगुची मेमोरियल इन्स्टिट्यूट आणि कुमासीतलं सहयोगी संशोधन केंद्र. नोगुची हे नाव जपानी शास्त्रज्ञ हिदेयो नोगुचींचं. पीतज्वरावर काम करताना १९२८ साली अक्रातच त्याच रोगाने त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या स्मरणार्थ जपानच्या मदतीने ही संस्था १९७९ मध्ये उभी राहिली. एप्रिलमध्ये नमुन्यांचा ढीग साचला, रिएजंट (चाचणीला लागणारी रसायनं) मिळेना, कारण जगातले श्रीमंत देश तेच रिएजंट उचलत होते. तेव्हा त्यांनी नमुने एकत्र करून तपासायला घेतले.

गणित सोपं आहे. शंभर लोकांचे नमुने आले. प्रत्येकी दहांचा थोडा थोडा अंश घेऊन दहा मिश्रणं केली आणि दहाच चाचण्या लावल्या. जे मिश्रण निगेटिव्ह, त्यातले दहाही जण मोकळे. जे पॉझिटिव्ह, त्यातले दहा पुन्हा वेगवेगळे तपासायचे. शंभरात दोन बाधित असतील तर जास्तीत जास्त दोन मिश्रणं बिघडतात. म्हणजे दहा अधिक वीस, तीस चाचण्यांत शंभर माणसं उरकली. सत्तर किट वाचली. पण शंभरात दहा बाधित झाले की सहा-सात मिश्रणं पॉझिटिव्ह येतात, चाचण्या पंचाहत्तरच्या घरात जातात आणि उत्तर यायला उलट दुप्पट वेळ लागतो. म्हणजे ही युक्ती साथ लहान असेपर्यंतच चालते. आपल्याकडेही आयसीएमआरने एप्रिल २०२० मध्ये एकत्रित चाचणीला परवानगी दिली होती, ती कमी लागण असलेल्या भागांपुरती. घानाने ती देशाचा मुख्य मार्ग म्हणून वापरली आणि म्हणून गरीब देश असूनही सुरुवातीच्या महिन्यांत दर लाखामागे चाचण्यांत तो आफ्रिकेत पुढे राहिला.

दूरच्या तालुक्यांतले नमुने आणायला ड्रोन वापरले, हे तुम्ही कदाचित ऐकलं असेल. झिपलाइन कंपनीची छोटी विमानं तिथे आधीपासून रक्त आणि सर्पदंशावरचं प्रतिविष पोहोचवत होती. एप्रिल २०२० पासून त्यांनी स्वॅबचे डबेही नेले. कौतुक जरूर करावं, पण बहुतेक नमुने जीपने आणि मोटारसायकलनेच गेले.

याच काळात अक्राच्या प्रत्येक दुकानाबाहेर, बँकेच्या दारात, ट्रोट्रोच्या थांब्यावर (ट्रोट्रो म्हणजे तिथली वडाप) एक वस्तू दिसू लागली: व्हेरोनिका बकेट. झाकणाची प्लास्टिकची बादली उंच स्टुलावर, बुडाशी तोटी, खाली घाण पाणी झेलायला टोपलं, बाजूला द्रवसाबणाची बाटली आणि कागदाचं रीळ. नळ नसलेल्या जागी वाहत्या पाण्याखाली हात धुता यावेत म्हणून घानातल्याच प्रयोगशाळेत काम करणाऱ्या व्हेरोनिका बेको यांनी नव्वदच्या दशकात ती बनवली होती, आपल्या सहकाऱ्यांसाठी. पंचवीसेक वर्षं ती शाळा-दवाखान्यांत वापरात होती, त्यामुळे २०२० मध्ये लोकांना ती नव्याने शिकवावी लागली नाही. सुताराने स्टूल ठोकायचं, लोहाराने तोटी बसवायची, झालं. कोरोना मुख्यतः हवेतून पसरतो हे नंतर स्पष्ट झालं, तेव्हा हात धुण्याने या साथीत किती फरक पडला हा प्रश्नच आहे. पण हगवण आणि कॉलरा ज्या शहरात घर करून आहेत तिथे ते पाणी वाया गेलं असं मी म्हणणार नाही.

मे महिन्यात टेमा बंदरातल्या मासळी प्रक्रिया कारखान्याची बातमी जगभर गाजली: एका कामगारापासून ५३३ जणांना लागण. राष्ट्राध्यक्षांनी स्वतः ती भाषणात सांगितली. त्यावर आम्ही या क्षेत्रातले लोक जरा शंकेने मान हलवतो. थंड हॉल, यंत्रांचा आवाज, त्यामुळे ओरडून बोलणं, खांद्याला खांदा लावून उभं राहणं. अशा जागी विषाणू वणव्यासारखा पसरतो, युरोप-अमेरिकेतल्या मांस कारखान्यांतही तेच झालं. पण 'एकाच माणसापासून' हे सिद्ध करणं फार कठीण. जास्त शक्यता अशी की साखळ्या अनेक होत्या, आणि अख्ख्या कारखान्याची तपासणी केली म्हणून अख्खा कारखाना सापडला. शहरातली प्रत्येक वस्ती अशी चाळून काढली असती तर तिथेही असंच निघालं असतं.

इथेच तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर आहे. घानाची एकूण नोंद सुमारे १ लाख ७१ हजार रुग्ण आणि १,४६२ मृत्यू अशी आहे. २०२१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ३ कोटी ८ लाख. रुग्णांचा आकडा तर बाजूलाच ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आफ्रिका कार्यालयाने रक्तातल्या प्रतिपिंडांचे (म्हणजे लागण होऊन गेल्याच्या खुणेचे) अभ्यास एकत्र केले, तेव्हा सप्टेंबर २०२१ पर्यंत आफ्रिका खंडातल्या साधारण ६५ टक्के लोकांना लागण होऊन गेल्याचा अंदाज निघाला; नोंदलेल्या प्रत्येक रुग्णामागे खरे जवळपास शंभर. घाना यातून सुटला असेल असं मानायला काही कारण नाही. लक्षणं नसलेला पंचविशीतला ट्रोट्रोचा मेट, म्हणजे कंडक्टर, चाचणीला कशाला जाईल?

मृत्यूंचं जरा वेगळं आहे. तिथे मृत्यूनोंदणी अपुरी आहे, घरी गेलेल्या माणसाचं कारण कागदावर येत नाही. तेव्हा १,४६२ हा आकडा नक्कीच कमी आहे. झांबियाची राजधानी लुसाका इथे २०२० मध्ये शवागारातल्या मृतदेहांचे नमुने तपासले तर सहा-सातांमागे एकात विषाणू सापडला, आणि त्यांतल्या बहुतेकांची जिवंतपणी चाचणीच झाली नव्हती. घानातही असे अनेक सुटले असणार. मात्र किती सुटले याला एक मर्यादा आहे. घानात, विशेषतः अकान लोकांत, अंत्यविधी हा कुटुंबाचा सगळ्यात मोठा सोहळा असतो. मृतदेह आठवडेच्या आठवडे शीतगृहात ठेवतात, गेलेल्याचा फोटो असलेली मोठी पोस्टर भिंतींवर लावतात, काळे-लाल कपडे घालून शेकडो लोक जमतात. नाचत शवपेटी नेणाऱ्या खांदेकऱ्यांचा जो व्हिडिओ २०२० मध्ये तुमच्या-आमच्या फोनवर रोज येत होता, तो इथलाच. बेंजामिन आयडू यांची ती टोळी. सरकारने तेव्हा अंत्यविधीला पंचवीस माणसांची मर्यादा घातली होती, म्हणून कित्येक घरांनी मृतदेह थांबवून ठेवले. अशा समाजात एप्रिल-मे २०२१ मधल्या भारतासारखी लाट आली असती तर ती सरकारी आकड्यांत लपली असती, पण शवागारांत आणि भिंतींवर लपली नसती. तशी ती दिसली नाही.

कारण काय? उष्ण हवा, बीसीजी (क्षयरोगाची लस), हिवतापाची सवय, असे बरेच अंदाज लढवले गेले. त्यातला एकही पुराव्यावर नीट उभा राहिलेला नाही. (उष्ण हवेचं म्हणाल तर विदर्भात लाट ऐन उन्हाळ्यात आली.) वयाचं कारण मात्र ठाम आहे. घानातली निम्मी माणसं वीस-एकवीस वर्षांच्या आतली. साठीच्या पुढचे शंभरात सहा-सात. कोरोनाने मरण्याचा धोका वयाबरोबर इतका झपाट्याने चढतो की तीच लागण इटलीत आणि घानात झाली तरी मृत्यूंत दहा-वीस पटींचा फरक पडू शकतो. त्यात म्हातारी माणसं वृद्धाश्रमात एकत्र न राहता गावाकडे घरात विखुरलेली. हे सरकारचं कर्तृत्व नव्हे आणि नशीबही नव्हे, लोकसंख्येची रचना आहे.

ज्यांना रोग जड गेला त्यांचे मात्र खूप हाल झाले. अतिदक्षता विभागाच्या खाटा मोजक्या, त्याही अक्रा आणि कुमासीत. एप्रिल २०२० मध्येच देशाच्या वैद्यक महाविद्यालयाचे रेक्टर डॉ. जेकब प्लांगे-रूल गेले. अक्राच्या गा ईस्ट रुग्णालयाच्या आवारात खासगी देणग्यांतून शंभर खाटांचं संसर्गजन्य रोगांचं केंद्र काही आठवड्यांत बांधून जुलै २०२० मध्ये सुरू झालं, ते चांगलं काम. त्याच महिन्यात एक उपमंत्री स्वतः बाधित असताना मतदार नोंदणी केंद्रावर फिरले आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. मास्क न लावल्यास सामान्य माणसाला किमान १२,००० सेडी (घानाचं चलन) दंड किंवा चार वर्षांपासून पुढे कैद असा कायदा होता, आणि डिसेंबर २०२० च्या निवडणुकीच्या मिरवणुकांत दोन्ही पक्षांचे हजारो लोक बिनमास्कचे नाचत होते. पुढे जानेवारी-फेब्रुवारी २०२१ मध्ये लाट आली ती पहिलीपेक्षा जास्त जीवघेणी. खासदार आणि कर्मचारी मोठ्या संख्येने बाधित झाल्याने संसदेचं कामकाज तीन आठवडे थांबवावं लागलं. नंतर २०२१ च्या पावसाळ्यात डेल्टा आणि वर्षाअखेरीस ओमिक्रॉन, हा क्रम जगभरासारखाच.

आता पुण्याची लस. २४ फेब्रुवारी २०२१ ला सीरम इन्स्टिट्यूटच्या कोविशिल्डचे ६ लाख डोस अक्राच्या कोटोका विमानतळावर उतरले. कोव्हॅक्स या जागतिक योजनेतून जगात कुठल्याही देशाला मिळालेला हा पहिला साठा. निवड घानाची झाली कारण त्यांची कागदपत्रं, शीतसाखळी (लस थंड ठेवून पोहोचवायची सोय) आणि वाटपाचा आराखडा वेळेत तयार होता. १ मार्चला राष्ट्राध्यक्षांनी कॅमेऱ्यासमोर दंड पुढे केला, दुसऱ्या दिवसापासून अक्रा, कुमासी आणि किनाऱ्याकडच्या जास्त लागणीच्या तालुक्यांत मोहीम सुरू झाली. लस थोडी उरावी अशी वेळच आली नाही, इतकी मागणी होती. भारताने स्वतःहून आणखी ५० हजार डोस भेट दिले.

आणि मग नळ बंद झाला. मार्चअखेर आपल्याकडे दुसरी लाट उसळली, भारताने निर्यात थांबवली. कोव्हॅक्सची जवळजवळ सगळी भिस्त पुण्यावर होती. पहिला डोस घेतलेल्या लाखो घानावासीयांचा दुसरा डोस अडकला. अंतर आठ आठवड्यांवरून बारावर नेलं, मेमध्ये काँगो लोकशाही प्रजासत्ताकाने न वापरलेले साडेतीन लाख डोस मुदत संपायच्या आत घानाकडे वळवले, त्यावर दुसऱ्या डोसांची सुरुवात झाली. कोव्हॅक्ससाठी भारताची निर्यात पुन्हा सुरू व्हायला नोव्हेंबर २०२१ उजाडला. भारताने निर्यात थांबवली यात मला दोष दिसत नाही. त्या एप्रिलमध्ये पुण्यातच लसीच्या रांगेतून लोक परत जात होते. दोष आहे तो अब्जावधी डोसांची योजना एकाच कारखान्यावर टांगण्यात, आणि तो आखणाऱ्यांचा आहे.

लस नाही म्हणताना दलाल येतात तसे आले. घाना सरकारने दुबईतल्या मध्यस्थामार्फत रशियन स्पुटनिक लस डोसला १९ डॉलर दराने घ्यायचा करार केला. मूळ दर १० डॉलरच्या आसपास होता. जून २०२१ मध्ये नॉर्वेच्या एका वर्तमानपत्राने तो उघड केला, संसदेत चौकशी झाली, करार गुंडाळला. २०२१ संपताना चाळीस टक्के लसीकरणाचं जे जागतिक उद्दिष्ट होतं, त्याच्या जवळपासही घाना नव्हता. आणि लस मुबलक आली तोवर लोकांची भीती ओसरली होती. आता कशाला, हा प्रश्न परिचारिकांना दारोदार ऐकावा लागला. त्याचं खरं उत्तर देणं त्यांनाही अवघड होतं.

शाळा जवळपास दहा महिने बंद राहिल्या. शेवटच्या वर्षाची मुलं जून २०२० मध्ये परतली, बाकीची बहुतेक जानेवारी २०२१ मध्ये. विमानतळ सप्टेंबर २०२० ला उघडला, पण जमिनीवरच्या सीमा २८ मार्च २०२२ पर्यंत, तब्बल दोन वर्षं बंद. याला साथशास्त्राचा काही आधार मला दिसत नाही. आफ्लाओ हे घानाचं गाव आणि टोगोची राजधानी लोमे यांच्यामध्ये फक्त एक फाटक आहे. तिथल्या बाजारकरणींचं गिऱ्हाईक फाटकापलीकडे. दोन वर्षं लोक झाडीतून, पोलिसांच्या हातावर काही ठेवून ये-जा करत राहिले. विषाणू थांबला नाही, धंदा बसला. विमानाने येणाऱ्याला चाचणी करून आत घेत होते आणि पायी येणाऱ्याला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पैशाचं थोडक्यात सांगतो. २०१९ मध्ये साडेसहा टक्क्यांनी वाढणारी अर्थव्यवस्था २०२० मध्ये जवळजवळ जागीच थांबली. आधीच कर्ज भरपूर होतं, त्यात साथीचा खर्च, मग युक्रेनचं युद्ध. डिसेंबर २०२२ मध्ये महागाई ५४ टक्क्यांवर गेली आणि घानाने परदेशी कर्जांचे बरेचसे हप्ते थांबवले. सगळा दोष कोरोनाच्या माथी मारणं सरकारला सोयीचं होतं, अर्थतज्ज्ञ ते मान्य करत नाहीत. २०२३ च्या सुरुवातीला मात्र याचं टोक दिसलं: तिजोरीत खडखडाट, आणि लहान मुलांच्या बीसीजी, गोवर-रुबेला आणि तोंडाने द्यायच्या पोलिओ लसींचा देशभर तुटवडा. तान्ही मुलं घेऊन आलेल्या आया केंद्रावरून परत जात होत्या. याच देशाने नियमित लसीकरणात अनेक वर्षं नव्वद टक्क्यांच्या वर मजल मारली होती, आणि कोव्हॅक्सची पहिली पेटीही त्यालाच मिळाली होती.

तुम्हाला हे आकडे स्वतः तपासायचे असतील तर घानाचे रुग्ण आणि मृत्यू यांचे आलेख पाहण्यात वेळ घालवू नका. प्रतिपिंडांचे अभ्यास पाहा, वयाची रचना पाहा, आणि २०२२-२३ मधल्या गोवराच्या नोंदी पाहा.